रगतवाल्या शरयूबाई

परवा नातीचं रक्त तपासायला आदिलाबादजवळ मावल्याला गेले होते. लॅबमधल्या पोरीनं मान वर न करता सुई टोचली, कापूस दाबून धरायला सांगितला आणि पुढच्याला हाक मारली. नात म्हणाली, "आजी, तिच्या हाताकडं काय पाहून राह्यली वं?" मी त्या पोरीच्या कोपराच्या आतल्या बाजूला बघत होते. तिथं निळं काही नव्हतं. नसणारच. लोकांचं रक्त काढणाऱ्या माणसाच्या हातावर डाग कशाला असेल? पण मी एक बाई अशी पाहिली आहे, जिचा कोपर कायम काळानिळा असायचा. तेव्हापासून रक्त काढणारं कुणीही दिसलं की माझी नजर आधी तिथं जाते.

शरयूबाई आमच्या गावात पहिल्यांदा आल्या, तेव्हा आंध्रात तालुका मोडून मंडल व्हायचं होतं. ऐंशीनंतरची एक-दोन वर्षं धरा. तलमडुगूच्या अंगाला आमचं गाव. सगळी कापसाची पऱ्हाटी आणि ज्वारी, आमचीच तेवढी विहिरीवरची वांगी, मेथी. बाजाराच्या दिवशी आदिलाबादला नेऊन विकायची. मागची खोली रिकामी होती, म्हणून गावच्या पटेलांनी सांगितलं, शहरातून एक डॉक्टरीण येऊन राह्यली, तिला ठेवून घ्या. म्हटलं, डॉक्टरीण आहे तर बरंच आहे, सासऱ्यांच्या खोकल्याला औषध मिळेल.

जीप आली. जीपवाला यादगिरी, अर्धा तेलुगू बोलणारा, अर्धा हिंदी. त्यानं पेट्या उतरवल्या, थर्मास उतरवले, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला बर्फ उतरवला आणि सगळ्यात शेवटी बाई उतरल्या. काडीसारख्या. डोळ्यावर जाड चष्मा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं पुरुषी घड्याळ. मी चहा दिला. एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "फार गोड आहे. उद्या निम्मी साखर घाला."

राग आला मला. आमच्याकडे पाहुण्याला चहा गोडच देतात आणि पाहुणा तो गोडच म्हणून पितो. दुसऱ्या दिवशी मुद्दाम निम्मी घातली. पिऊन म्हणाल्या, "आता बरोबर." त्या एका शब्दानं मला काय बरं वाटलं, सांगू! कारण तोवर कळलं होतं की ही बाई बरं वाटावं म्हणून काही बोलत नाही. जे आहे ते बोलते. सासऱ्यांना तोंडावर म्हणाल्या, "मी औषध देणारी डॉक्टर नाही. माझ्या कामानं कुणाचा ताप बरा होत नाही, की खोकला." सासरे म्हणाले, "मंग तुमी कायच्या डॉक्टर?" त्या म्हणाल्या, "नुसतं बघणारी."

रक्त काढणार म्हटल्यावर गावातले बापे वावरात पळाले. नसबंदीचे दिवस अजून कुणी विसरलं नव्हतं. आधी सुई, मग ऑपरेशन, असंच सगळ्यांना वाटलं. शरयूबाईंनी मारुतीच्या पारावर टेबल मांडलं, बाही वर केली, रबराची नळी दातात धरून दंडाला करकचून बांधली आणि साऱ्या गावासमोर स्वतःचंच रक्त काढलं. "आधी माझं," म्हणाल्या. नंतर कळलं की प्रत्येक गावात त्या हेच करत. रोज सकाळी. म्हणून तो कोपर तसा.

आमच्या सखूआजीला राहवलं नाही. ती काठी टेकत पुढं गेली. "अवं बाई, तुह्याच आंगात रगत उरलं नाई, आन् आमचं काढाले निघाली!"

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग सखूआजीनंच पहिला हात पुढं केला. तिच्या मागून बाया आल्या, आणि बायांना बघून लाजलेले बापे आले. त्या दिवसापासून गावानं त्यांचं नाव ठेवलं, रगतवाल्या बाई.

काढलेलं रक्त काचेच्या नळ्यांत भरायचं, नळ्या एका चक्रात बसवायच्या आणि ते चक्र हातानं दांडा धरून गरगर फिरवायचं. थोड्या वेळानं लाल खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी येतं. बाईंना हवं असायचं ते हे पाणी. एकदा मी विचारलं, "या पाण्यात काय हाय एवढं?"

त्यांनी सांगितलं ते मला जसं कळलं तसं लिहिते. आपल्या रक्तात रोगाशी झगडणारं एक द्रव्य असतं. सगळ्यांच्यात असतं, सगळ्यांच्यात काम तेच करतं. पण त्याच्यावर बारीक खुणा असतात आणि त्या आईबापाकडून येतात. एकात ही खूण, दुसऱ्यात ती. कुठल्या समाजात कुठली खूण किती लोकांत सापडते ते बाई मोजत होत्या. गोंडांच्या गावात मोजलं, कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर मोजलं, आता आमच्यात.

मी म्हटलं, "म्हंजे गोधडीसारखं. ऊब सारखीच, पन टीप पाहून सांगता येते कोनत्या घरची हाय थे."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "हे मी चोरणार," म्हणाल्या. आणि चोरलं खरंच. पुढं बाजारात दुसऱ्या गावची बाई मला गोधडी आणि रक्ताची गोष्ट सांगायला लागली, तेव्हा मी गालात हसले.

खुणा मोजायच्या तर एकमेकांच्या नात्यातली माणसं टाळायची, नाहीतर एकच घराणं पुन्हा पुन्हा मोजलं जातं. आता आमच्या भागात मामाची पोरगी करायची रीत. बाई विचारायच्या, "ही तुमची कोण?" उत्तर यायचं, "आत्या." "आणि ही?" "सासू." "पण ही तर तीच!" "व्हय, तेच तं." बाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. बायांनी मग उलट त्यांनाच धरलं. "तुमचं लगन?" "नाही केलं." "काऊन?" "मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही." पारावर जो हशा उठला!

एक गोष्ट मात्र त्या कधीच करत नसत. बाया लेकरू पुढं करायच्या आणि विचारायच्या, सांगा बाई, कोणावर गेलं? साधी बोलायची गोष्ट आहे हो ही. कुणीही म्हणतं, डोळे आईचे, कपाळ बापाचं. शरयूबाई म्हणायच्या, "चेहऱ्यावरून मी नाही सांगत. चेहरा फसवतो. रक्ताला विचारावं लागतं." पटेलीणबाईंचा नातू मांडीवर होता, तेव्हासुद्धा हेच. पटेलीणबाईंचं तोंड उतरलं. यादगिरी मागून कुजबुजला, "अम्मा, नाना जैसा बोल दो ना, क्या जाता है?" बाई म्हणाल्या, "जातं काहीतरी."

आता दगडाची गोष्ट सांगितली पाहिजे.

आमच्या बोळात दोन भावांचं एकत्र घर. थोरला किसनराव, त्याची बायको पार्वताबाई, तिची कूस कधी उजवली नाही. धाकट्याची बायको गिरजा. तिची कूस उजवायची पण लेकरू राहायचं नाही. एक गेलं, दुसरं गेलं, पुढचं गेलं. मग जी पोर झाली ती बाळंतिणीच्या बाजेवरूनच उचलून पार्वताबाईच्या ओटीत घातली. नाव दगडा ठेवलं. आमच्याकडे असं करतात. ज्या आईच्या कुशीत मरण यायला लागतं त्या कुशीची वाट त्याला पाठ होते, म्हणून लेकराचा पत्ता बदलून टाकायचा. आणि एकदा ओटीत घातलं की ते कुणी तोंडानं बोलायचं नाही. आईनंही नाही. गिरजा त्या पोरीला दूध पाजायची ते तोंड भिंतीकडे करून. पोर तिला काकू म्हणायची. बोळातल्या साऱ्यांना ठाऊक होतं आणि कोणाला ठाऊक नव्हतं, असं ते होतं.

पोरीला पाचवं लागेपर्यंत सगळं नीट चाललं. धट्टीकट्टी, बडबडी. बाईंच्या त्या चक्राचं तिला वेड. दिवसभर खोलीच्या दारात. "रगतवाली मावशी, मी फिरवू?" बाई तिला फिरवू द्यायच्या. पोर एवढी गोड आणि नाव दगडा कशाला, असं बाईंनी एकदा विचारलं, तर पार्वताबाई म्हणाली, "दगडावानी ऱ्हावो म्हनून." खरंच होतं ते. फक्त अर्धं होतं.

खुणा आईबापाकडून लेकरात कशा उतरतात ते बघायला बाईंना काही घरं आख्खी हवी होती, आई, बाप आणि मूल. किसनरावानं हात दिला, पार्वताबाईनं दिला. दगडानं तर उड्या मारत दिला. बाईंनी रीतसर विचारलं, "ही तुमच्या पोटची?" पार्वताबाई म्हणाली, "माही. मंग कोनाची?" गिरजा उंबऱ्यात ज्वारी पाखडत होती. सुपाचा ताल चुकला नाही. ती बाई खोटं बोलली असं मला आजही वाटत नाही. तिच्या लेखी ती पोर तिचीच होती. आणि तशी नसती तर ती पोर जगलीच नसती, असं ते घर मानत होतं.

हिवाळा सरता बाई गेल्या. उन्हाळ्यात परत आल्या त्या अंगणात जीप उभी करून तडक त्याच घरी. तोंडावर कोडं पडल्यासारखं. मी मागोमाग गेले. घरात पाहुणे होते, शेजारच्या दोघी-तिघी होत्या.

बाई म्हणाल्या, "पार्वताबाई, माझ्या नळ्यांत गोंधळ झालाय बहुतेक. पोरीचं पुन्हा घेते."

"एक डाव दिलं ना बाई. आता नाई."

"पण तिच्या रक्तात एक खूण आहे ती तुमच्यात नाही. किसनरावांतही नाही."

"असंन."

"अहो, असेल म्हणून कसं चालेल? दोघांपैकी एकात असायलाच हवी. नसेल तर ही मुलगी तुमची असूच शकत नाही."

मी त्यांचा पदर ओढला. पण वाक्य पुरं झालं होतं. दगडा तिथंच, खांबाला धरून उभी. गिरजाच्या हातातलं सूप पडलं आणि ज्वारी अंगणभर झाली. एवढ्या माणसांत कुणी ती गोळा करायला वाकलं नाही.

पार्वताबाई फार हळू बोलली. "बोलल्या ना तुमी. झालं आता."

बाईंना काय झालं ते कळलंच नाही. मी रात्री जेवताना त्यांना रीत सांगितली. आता लपवायचं तरी काय उरलं होतं? त्यांनी ताटावरचा हात काढून घेतला. म्हणाल्या, "पण मी खोटं नाही बोलले." मी म्हटलं, "नाई बाई." त्या म्हणाल्या, "तेच तर." त्या घरचे सगळे आकडे गाळून टाकते म्हणाल्या, जणू गाळल्यानं बोललेलं परत येणार होतं.

पार्वताबाईनं तिच्या परीनं सगळं केलं. मीठ-मिरची ओवाळली, नारळ फोडला, पोरीला चार दिवस भावाच्या गावी नेऊन ठेवली. पण पावसाळ्यात तापाची साथ आली. बोळातली बरीच लेकरं पडली. आमचा धाकटा पडला. दगडाला झटके आले. बैलगाडीतून आदिलाबादला नेली आणि नेलेल्या वाकळीतच गुंडाळून आणली.

शरयूबाईंना हे कुठून कळणार? त्या दिवाळीनंतर आल्या, हातात कागदात बांधलेलं काहीतरी. आमच्या अंगणात उतरता उतरताच म्हणाल्या, "जुनं चक्र मोडीत काढलं प्रयोगशाळेनं. म्हटलं, दगडाला खेळायला होईल." मी त्यांना खाली बसवलं आणि सांगितलं. ते पुडकं त्यांच्या मांडीवरच होतं.

मग उठल्या. मी म्हटलं, नका जाऊ. गेल्या.

गिरजा अंगणातच होती. पदर डोक्यावर नव्हता, केस मोकळे. बाई म्हणाल्या, "गिरजाबाई, तिला ताप..."

"ताप तं साऱ्याच लेकराईले आला," गिरजा म्हणाली. "तुमी बोटानं दाखवलं, थेच नेलं."

बाईंकडे उत्तर असणारच की. माझा नातू आज शिकलेला आहे, तो मला सांगतो, आजी, डास चावून होणारा आजार तो, बोलण्यानं कोणी मरत नाही. मला काय कळत नाही का ते? शरयूबाईंना तर त्याच्याहून जास्त ठाऊक. पण त्या अंगणात उभ्या राहिल्या. खाली मान घालून ऐकत राहिल्या.

गिरजानं विचारलं, "पोरीचं रगत तुमच्यापाशी हाय?"

"आहे. थोडंसं. बर्फात ठेवलंय."

"वापस द्या."

तेवढंच. बाई आल्या पावली परत गेल्या. यादगिरीनं जीप वळवली. मला वाटलं, ही बाई आता काही या गावात पाय ठेवत नाही.

ठेवला. थंडीतच आल्या. या वेळी जीप नाही, यादगिरी नाही. रेल्वेनं आदिलाबाद आणि तिथून बसनं, मांडीवर थर्मास घेऊन. वाटेत जिथं मिळेल तिथं बर्फ भरत आल्या होत्या. करंगळीएवढी नळी, तिच्या बुडाशी पिवळं पाणी, वर बूच. गिरजानं पदरात घेतली. उजेडाकडे धरली. मग मुठीत धरली आणि म्हणाली, "गार हाय." माझ्याकडे वळून पुन्हा म्हणाली, "लई गार हाय वं."

त्या दोघी जावा नळी घेऊन बोरीखाली गेल्या, जिथं पोरीला पुरलं होतं तिथं. बाई निघाल्या मागं. पार्वताबाई वळली. "तुमी इथंच ऱ्हा." त्या राहिल्या. दोघी परत येईपर्यंत अंगणात उभ्या राहिल्या. मी खाट टाकली, बसल्या नाहीत. पाणी दिलं, घेतलं नाही. त्यानंतर आमच्या गावात त्यांनी कुणाला सुई लावली नाही. पलीकडच्या गावांत लावायच्या, आधी स्वतःला, नेहमीसारखी. पण तिथल्या बाया सांगायच्या, आता ती बाई "ही तुमची कोण" असं विचारते आणि जे सांगाल ते मान हलवून ऐकून घेते.

बरीच वर्षं गेली. मंडल आलं, डांबरी रस्ता आला, आमच्या घरी फोन आला. एक दिवस दुपारी बसमधून एक म्हातारी उतरली, चष्म्याची काच आणखी जाड. हातात पेटी नाही, थर्मास नाही. नोकरी संपली होती. म्हणाल्या, बासरला सरस्वतीच्या दर्शनाला आले होते, म्हटलं इकडून जावं. बासरहून आमचं गाव वाटेवर नाही, हे त्यांनाही माहीत आणि मलाही. मी चहा केला. एवढ्या वर्षांनी घाईत मापच चुकलं. घोट घेऊन म्हणाल्या, "फार गोड झालाय हो." मला उगीच हसू आलं.

मग म्हणाल्या, "त्या दोघी आहेत?"

आम्ही गेलो. पार्वताबाई ओट्यावर बसली होती, सगळे केस पांढरे. गिरजा आत उंबऱ्याशी, सूप घेऊन. बाईंना बघितलं आणि तिनं पाठ फिरवून घेतली. पाखडणं थांबवलं नाही. पार्वताबाईनं या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी आपली पाऊसपाण्याचं काही बोलत राहिले.

तेवढ्यात आतून एक पोर धावत आली, फ्रॉकमध्ये चिंचा घेऊन, आणि पार्वताबाईच्या मांडीत बसली. दगडा गेली त्याच वयाची; गिरजाची कूस उतरत्या वयात पुन्हा उजवली होती. तेच पुढं आलेलं कपाळ, हनुवटीला तीच खळी. आंधळ्यानं हात फिरवला असता तरी म्हटलं असतं, ही गिरजाची.

पार्वताबाईनं पोरीभोवती दोन्ही हात घातले. बाईंच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाली, "ही धोंडा."

आत सूप थांबलं. मला ठाऊक होतं ना, ही बाई साखरेबद्दलसुद्धा खोटं बोलत नाही.

शरयूबाई वाकल्या. पोरीच्या हनुवटीला बोट लावून तोंड वर केलं आणि नीट बघितलं, पूर्वी नळी उजेडाला धरून बघत तसं. पोरगी म्हणाली, "काय पाह्यता?"

"तुझं नाक बघते." मग आतल्या उंबऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पार्वताबाई, नाक अगदी तुमचं उचललंय पोरीनं. आईवर गेली."

पार्वताबाईनं पोरीला आणखी जवळ ओढलं. "माही लेक हाय," म्हणाली. "मंग कोनावर जाईन?"

"तेच तर," बाई म्हणाल्या.

बसायला कुणी सांगितलं नाही आणि त्या बसल्या नाहीत. अंगणाच्या दाराची चौकट ठेंगणी आहे त्या घराची. वाकून बाहेर पडताना त्यांचा हात भिंतीवर टेकला, तेव्हा बाही मागं सरली. कोपराच्या आतला डाग तसाच होता, आता सुरकुत्यांत गेलेला. बाहेर उन्हात त्या जरा उभ्या राहिल्या. मग मागं आतून सूप पुन्हा वाजायला लागलं, आणि त्या बसच्या रस्त्याला लागल्या.